वाचकांचे प्रश्न : गावातला रक्तदाब, शहरातला रक्तदाब

मागील अंकात उच्च रक्तदाबाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बरीचशी पत्रे अशा घरांतून आहेत, ज्यांचे अर्धे माणूसबळ गावात आणि अर्धे शहरात आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. औषधांची नावे केवळ समजुतीसाठी दिली आहेत. ती आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : माझे वडील 62 वर्षांचे आहेत. माण तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. वडील अंगाने बारीक आहेत, रोज चार-पाच किलोमीटर चालतात, बाजरीची भाकरी खातात, तेलकट-तुपकट फारसे नाहीच. गावातल्या शिबिरात त्यांचे बीपी 168/102 निघाले. ते म्हणतात, "हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, मला कशाला होईल? मशीनच बिघडले असेल." त्यांना त्रासही काही होत नाही. त्यांचे म्हणणे कितपत खरे धरावे? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

वडिलांचे एक म्हणणे मला पटते. एकदाच मोजलेल्या आकड्यावरून उच्च रक्तदाबाचा शिक्का मारू नये. आठवडाभरात त्यांना उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन, शांत बसवून, पुन्हा दोन वेळा रक्तदाब मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा 140 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 90 किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब. 168/102 हा आकडा इतका वर आहे की फेरमोजणीत तो थोडा उतरला तरी सीमारेषेच्या खाली जाण्याची शक्यता मला कमी वाटते.

मात्र "बसून खाणाऱ्यांचा आजार" हे म्हणणे आता सोडून द्यायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभरातील 1,13,043 प्रौढांची जी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात शंभरातील पस्तीसहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आढळला. शहरांत हे प्रमाण जास्त होते हे खरे, पण ग्रामीण भागातही ते सुमारे एक तृतीयांश होते. म्हणजे तुमच्या गावच्या पारावर सकाळी नऊ प्रौढ माणसे बसली असतील, तर त्यांतील तिघांचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि त्या तिघांपैकी निदान एकाला तरी त्याचा पत्ता नसतो.

बारीक माणसाला रक्तदाब कसा, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तेथील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे वजन इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी भरत होते, स्नायूही कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पोटात असताना ज्यांची वाढ खुंटली, अशा मुलांना मोठेपणी रक्तदाब आणि मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. तुमच्या वडिलांच्या जन्माच्या वेळी त्यांच्या आईच्या ताटात काय होते, याचा हिशेब त्यांच्या आजच्या रक्तदाबात असू शकतो. अंगकाठी पाहून कुणालाही निर्धोक मानू नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

दुसरे कारण मिठाचे. भाकरी निर्दोष असते. तिच्यासोबतचे पदार्थ तपासून पाहा. खर्डा, ठेचा, लोणचे, तळलेले सांडगे आणि कुरडया, कालवणात वरून घातलेले मीठ, असे करत दिवसभरात किती मीठ पोटात जाते ते घरात कुणी मोजत नाही. पापडखारातही सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडे कमी मीठ एवढीच मर्यादा घालून दिली आहे. भारतातील सरासरी वापर याच्या दुपटीच्या जवळ जातो. तिसरे कारण, तंबाखू. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केलेला नाही, तरीही विचारतो : वडिलांच्या खिशात चुन्याची डबी आहे का? घरातील स्त्रिया मिश्री लावतात का? निकोटिन गालात धरले काय किंवा हिरडीला चोळले काय, नाडी आणि रक्तदाब वाढवतेच. मिश्रीला व्यसन मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर बायका खऱ्या मनाने "नाही" सांगतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. भारतासह 17 देशांतील 1,56,424 लोकांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराला कारणीभूत होणाऱ्या गोष्टी, म्हणजे रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल वगैरे, एकत्र मोजल्या तर त्यांचा भार शहरी वस्त्यांत अधिक होता. असे असूनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तत्सम घटना ग्रामीण वस्त्यांत अधिक घडल्या : वर्षाला दर हजारी शहरांत 4.83, तर खेड्यांत 6.25. आजार झाल्यावर दगावणाऱ्यांचे प्रमाणही खेड्यांत जास्त होते, 17.25 टक्के, शहरांत ते 13.52 टक्के होते. धोका कमी आणि मृत्यू जास्त, हे कोडे वाटते, पण ते कोडे नाही. शहरात रक्तदाब लवकर सापडतो, गोळी रोज मिळते आणि झटका आला तर रुग्णालय जवळ असते. खेड्यात या तिन्ही ठिकाणी साखळी तुटते.

आपल्याच राज्यातले उदाहरण आणखी बोलके आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण 1,599 मृत्यूंपैकी 229 मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत हेच कारण सर्वांत वरचे होते, आणि त्यांतील बहुतेक माणसे रुग्णालयात न पोहोचता घरीच गेली होती. गडचिरोलीच्या जंगलातली ही माणसे बसून खाणारी नव्हती, एवढे वडिलांना जरूर सांगा.

त्रास होत नाही म्हणून रक्तदाब नाही, हे तर मुळीच खरे धरू नये. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. त्या काळात हृदयाचा स्नायू जाड होत जातो, मूत्रपिंडे झिजत जातात आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. सोबत रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतील प्रथिने आणि एक ईसीजी एवढ्या तपासण्या करून घ्या. तुमच्या जिल्ह्याची एक जमेची बाजू आहे. 2017 च्या अखेरीस केंद्र सरकार, आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सुरू केलेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे पहिले चार जिल्हे होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, महिन्याची औषधे एकदम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा राहिला आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारापर्यंत पोहोचला. आरोग्य केंद्रात वडिलांची नोंद करून घ्या.

प्रश्न : माझ्या पतींचे वय 38 आहे. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीसाठी जाऊन-येऊन करतात. दवाखान्यात बीपी 150/96 भरते आणि घरच्या मशीनवर 132/84. कोणते खरे मानायचे? (एक वाचक, डोंबिवली)

दोन्ही खरे असू शकतात, आणि दोन्ही चुकीच्या पद्धतीने घेतलेले असू शकतात. मोजणी हे या आजारातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

मी तालुक्याच्या गावी असताना एक गृहस्थ एसटीतून उतरून, स्थानकावरचा कटिंग घेऊन, जिना चढून थेट माझ्यासमोर बसले. गालात तंबाखूची गोळी होती, शर्टाची बाही तशीच दंडावर होती आणि ते मुलाच्या लग्नाचे सांगत होते. वरचा आकडा 176 आला. त्यांना चूळ भरायला लावली, लघवीला जाऊन यायला सांगितले, बाही काढून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसवले, हात टेबलावर छातीच्या उंचीवर ठेवला आणि पुन्हा मोजले. 152 आला. त्यांना रक्तदाब होताच, पण 176 धरून मी गोळ्या दिल्या असत्या तर पंधरा दिवसांनी ते चक्कर येऊन पडले असते.

तर घरी अशी मोजणी करा. चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट किंवा व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सगळे आकडे वहीत लिहा. आवडलेले तेवढेच नव्हेत. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत 135/85 ही मर्यादा धरतात, दवाखान्यातली 140/90 नव्हे, आणि हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. यंत्र दंडाला लावायचे असावे, मनगटाचे नको, आणि पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो.

सरासरी 132/84 च्या आसपासच राहिली तर दवाखान्यातली वाढ बरीचशी धास्तीची आहे असे समजता येईल. तरी निश्चिंत होण्याइतकी ती खाली नाही. अशांपैकी काहींना पुढे खरा रक्तदाब होतो, म्हणून दर काही महिन्यांनी आठवडाभराची मोजणी करत राहा. अडतिशीत आणखी दोन गोष्टी विचारतो. ते जोरात घोरतात का, आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? झोपेतला श्वासरोध हे तरुण वयातल्या रक्तदाबाचे एक मोठे कारण आहे. आणि रात्री साडेनऊला गाडीतून उतरल्यावर स्टेशनबाहेर काय खाल्ले जाते? वडापाव, चायनीजची गाडी, फरसाणाची पुडी, यांतले मीठ जिभेला तितके खारट लागत नाही, पण शरीरात ते पूर्ण पोहोचते. कमी वयात रक्तदाब पक्का ठरला तर मूत्रपिंडांची तपासणी जरूर करून घ्यावी.

प्रश्न : माझे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. आई 47 वर्षांची आहे. तिला मागच्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. कारखान्यावर गेल्यावर गोळ्या संपल्या, नंतर तिला बरे वाटत होते म्हणून तिने घेतल्याच नाहीत. एकदा सुरू केली की कायमची लागते, म्हणून सवय नको, असे टोळीतल्या बायका म्हणतात. तिची गर्भपिशवी तिशीत काढलेली आहे. (एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा)

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आजारापेक्षा व्यवस्थेचा प्रश्न त्यात मोठा आहे आणि त्याचा सगळा भार तुमच्या आईवर येऊन पडतो आहे.

गोळीची सवय लागते, ही समजूत गावात आणि शहरात सारखीच घट्ट आहे. वस्तुस्थिती अशी की गोळी रक्तदाब कायमचा बरा करत नाही. ती घेतली त्या दिवसापुरता तो खाली ठेवते. बंद केली की काही दिवसांत रक्तदाब पूर्वीच्या जागी जातो. त्यामुळे कायम राहतो तो आजार, गोळीचे गुलामपण नव्हे. चष्म्याने नजर बिघडत नाही, तो काढला की पुन्हा अंधुक दिसते, तसेच हे आहे. आणि फायदा खराखुरा आहे : वरचा आकडा दहाने उतरवला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. अनेक रुग्णांच्या ट्रंकेत मला अर्धी संपलेली पाकिटे सापडली आहेत. "डोके दुखेल त्या दिवशी घेते," असे त्या सांगतात. डोकेदुखीवरून रक्तदाब ओळखता येत नाही, हे आईला समजावून सांगा.

आता व्यवहाराचे. निघण्यापूर्वी आईला आरोग्य केंद्रात न्या, सहा महिने बाहेर जाणार आहोत असे स्पष्ट सांगा आणि नियमात बसतील तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या गोळ्या आहेत. त्या कारखान्याजवळच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मागता येतात, त्यासाठी गावची ओळख लागत नाही. तेथे न मिळाल्यास जनऔषधी दुकानात त्या स्वस्तात मिळतात. औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम असलेल्या कागदाचा फोटो आईच्या, वडिलांच्या आणि तुमच्या, अशा तिन्ही फोनांत ठेवा, कारण कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, कागद टिकत नाही. तोडणी पहाटेच सुरू होते, तेव्हा गोळीची वेळ कोयता हातात घेण्यापूर्वीच्या चहाला बांधून टाका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

दोन धोके वेगळे सांगतो. पहिला, अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळ्या, त्यामुळे टोळीत डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्या रक्तदाब वाढवतात, टेल्मिसार्टनसोबत आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांना अपायही करू शकतात. ठणका असह्य असेल तर पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित आहे, पण तेही रोजचे होऊ देऊ नका. दुसरा, उन्हाळ्याच्या तोंडावर काम करताना उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब मोजून मात्रा बदलून घ्यावी. आपल्या मनाने गोळी थांबवू नये.

गर्भपिशवीविषयी : शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशयेही काढली होती का, ते जुन्या कागदांवरून पाहा. काढली असतील तर आईची पाळी जाण्याचे वय तिशीतच आले असे होते, आणि अशा स्त्रियांना हृदयविकाराचा धोका लवकर सुरू होतो. तुमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या कामात खाडा पडू नये म्हणून किती बायकांच्या पिशव्या गेल्या, हा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. त्या बायकांच्या हृदयाची काळजी कोणी घ्यायची, याची चर्चा मात्र मी अद्याप पुरेशी ऐकलेली नाही. आईच्या डॉक्टरांना ही माहिती आवर्जून द्या. तिच्या बाबतीत रक्तदाब सैल सोडून चालणार नाही.

प्रश्न : साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले तर चालेल का? दुकानात कमी सोडियमचे मीठही मिळते. (एक वाचक, कोल्हापूर)

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबासाठी त्यात आणि साध्या मिठात फरक धरू नये. शिवाय बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते.

कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट वेगळी. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनच्या ग्रामीण भागातील 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांना पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बहुतांश मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जाते, त्यामुळे हा उपाय आपल्या खेड्यांनाही लागू पडावा असे मला वाटते. पण ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत, किंवा ज्यांना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू आहेत, त्यांच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नये. आणि हे विसरू नये की तांबड्या रश्शाची चव मिठावर कमी आणि मसाल्यावर जास्त असते. मीठ हळूहळू कमी केले तर दोन-तीन आठवड्यांत जीभ जुळवून घेते.

प्रश्न : मी मुंबईत, आईवडील लांजा तालुक्यात. गेल्या महिन्यात रात्री वडिलांचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले. शेजाऱ्यांनी बीपी मोजले, 200 च्या वर होते, म्हणून जिभेखाली गोळी फोडून दिली आणि सकाळी दवाखान्यात नेले. उजवा हात अजून चालत नाही. आमचे काही चुकले का? (एक वाचक, मुंबई)

शेजारी मदतीला धावले, त्यांना दोष देऊ नका. पण असे पुन्हा घडू नये, म्हणून स्पष्ट लिहितो.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी एकाएकी झाले तरी तो पक्षाघात समजून त्याच मिनिटाला 108 ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून ओळखता येत नाही. याच कारणाने स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन देऊ नये. छातीत दाब येऊन घाम फुटला असेल तर गोष्ट निराळी. तेथे ॲस्पिरिन उपयोगी ठरते, पण तेही फोनवर डॉक्टरांनी सांगितल्यावर.

जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची पद्धत फार जुनी आणि घातक आहे. पक्षाघाताच्या वेळी वाढलेला रक्तदाब काही अंशी मेंदूला रक्त पोहोचवण्यासाठी वाढलेला असतो. तो एकदम खाली आणला तर वाचू शकणारा भागही जातो. गिळता येत नसताना तोंडात काही घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाणीसुद्धा पाजू नये, कुशीवर झोपवावे.

आता वडिलांसाठी. हाताचा व्यायाम पहिल्या तीन महिन्यांत जितका नेटाने होईल तितका फायदा जास्त, तेव्हा फिजिओथेरपी थांबवू नका. दुसरा झटका टाळण्यासाठी रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे, डॉक्टरांनी दिली असतील तशी, एकही दिवस न चुकवता चालू ठेवा. आईचाही रक्तदाब मोजून घ्या, एकाच घरात एकच मीठ असते. आणि पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा चौकशी करून ठेवा की लांज्याहून सर्वांत जवळ रात्रीही चालू असणारे सीटी स्कॅन कोठे आहे आणि पक्षाघाताचे इंजेक्शन कोठे दिले जाते. त्या रुग्णालयाचे नाव, तेथला दूरध्वनी, 108 आणि वाडीत ज्यांच्याकडे गाडी आहे अशा दोघांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद ओटीवरच्या भिंतीला, आईला चष्म्याविना वाचता येईल अशा जागी, चिकटवा.